काट्यावरची शिळी वजनं: नकली सिरीयल पोर्ट कसा घडवतात

सांगलीहून कुपवाडकडं जाताना रस्त्याला लागूनच अण्णांचा भुईकाटा आहे. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, एरवी हळदीची पोती, भंगार, वाळू, काय वाट्टेल ते. प्लेटखालच्या लोडसेलकडून, म्हणजे भार जोखणाऱ्या सेन्सरकडून, वजन टेबलावरच्या इंडिकेटरवर येतं. इंडिकेटरच्या पाठीमागून नऊ पिनांची एक केबल निघून कॉम्प्युटरात शिरते, आणि त्या कॉम्प्युटरवर डॉस या विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टीमचा प्रोग्रॅम चालतो. निळा पडदा, पिवळी अक्षरं. गाडी नंबर टाकायचा, एफ-टू दाबायचं, वजन येतं, पावती निघते. प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा कधीच पुण्याला गेला आणि जाताना सोर्स कोडही घेऊन गेला.

गेल्या पावसाळ्यात तो जुना कॉम्प्युटर बसला. नव्याला नऊ पिनांचं तोंडच नव्हतं, आणि त्याच्यावर डॉस चालवायचं म्हणजे नुसती झटापट. मी म्हटलं, अण्णा, काळजी करू नका, याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून देतो. लिनक्सवर क्यूईएमयू टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्रॅम, एम्युलेटर; त्यात डॉस, डॉसमध्ये तो प्रोग्रॅम आणि यूएसबीला लावायचा सिरीयल कन्व्हर्टर. केबल जोडली तेव्हा काट्यावर हळदीचा ट्रक उभाच होता. एफ-टू दाबलं, १४,२३० किलो. इंडिकेटरवरही तेवढंच. चहा झाला, मी निघालो. विश्रामबागला पोचतोय तोवर फोन.

"लेका, चार गाड्या गेल्या. चारींचं वजन चौदा हजार दोनशे तीस. त्यातली एक तर रिकामी ट्रॉली हाय. हिच्यात काय वारं भरलंय व्हय?"

इंडिकेटर बरोबर दाखवत होता. केबल ठीक होती. प्रोग्रॅम तोच होता, जो वीस वर्षं एक किलोही चुकला नव्हता. मग चुकत होतं कुठं? त्याचं उत्तर नकली सिरीयल पोर्ट कसा घडवलेला असतो यात आहे, म्हणून आधी खरा कसा असतो ते बघू.

सिरीयल पोर्ट, म्हणजे तेच नऊ पिनांचं तोंड, ही एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवण्याची सोय. तिचा आरएस-२३२ हा दंडक १९६० चा. एक अक्षर पाठवायला साधारण दहा बिट लागतात: सुरुवातीचा एक, अक्षराचे आठ, शेवटचा एक. अण्णांचा इंडिकेटर सेकंदाला २४०० बिटांच्या वेगानं बोलतो, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. एक वजन म्हणजे सुरुवातीची खूण, आकडे आणि शेवटची खूण मिळून दहाएक अक्षरं. कुणी ऐको न ऐको, तो सेकंदाला वीसेक वेळा वजन ओरडत असतो. बाजार समितीतल्या सौद्यात बोली पुकारणाऱ्यासारखा. फरक एवढाच की याला दम लागत नाही.

कॉम्प्युटरच्या बाजूला हे ऐकणारी एक चिप असते. १९८१ च्या आयबीएम पीसीत ती ८२५० नावाची होती, पुढं १६४५०, मग १६५५०. प्रोसेसरच्या नजरेतून ही चिप म्हणजे आठ खणांचं कपाट. पहिल्या पोर्टसाठी पत्ता ३एफ८ पासून ३एफएफ पर्यंत (हे आकडे सोळाच्या पायावरचे). एका खणात आलेलं अक्षर, एकात चिपची हालहवाल, एकात वेगाची आणि बिटांची मांडणी, असं.

हे कपाट मात्र भलतंच चमत्कारिक आहे. पहिल्या खणात हात घालून वाचलं तर आलेलं अक्षर मिळतं. त्याच खणात काही ठेवलं तर ते अक्षर तारेवरून बाहेर जातं. म्हणजे टाकलं एक आणि काढलं भलतंच. त्यात चौथ्या खणातला एक बिट चढवला की पहिले दोन खण अक्षरांचे राहतच नाहीत, वेग ठरवणाऱ्या भागाकाराचे होतात. तिथं १२ लिहिलं की वेग ९६००, ४८ लिहिलं की २४००. कारण चिपच्या घड्याळातून जास्तीत जास्त १,१५,२०० निघतात आणि त्याला तुम्ही दिलेल्या आकड्यानं भागायचं असतं. शिवाय इथं नुसतं वाचणंही निरुपद्रवी नाही. मेमरीतला आकडा शंभरदा वाचला तरी तो तिथंच असतो. इथं अक्षर वाचलं की ते खणातून गेलं. हालहवाल वाचली की तिच्यातल्या चुकांच्या खुणा पुसल्या गेल्या. डबा उघडून बघितला की पोळी संपली, असा प्रकार.

एम्युलेटर लिहिणाऱ्याला हे सगळं कपाट सॉफ्टवेअरमध्ये उभं करावं लागतं. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २००३ मध्ये क्यूईएमयू लोकांसमोर आणलं, आणि तेव्हापासून आजवर त्यात ही जुनी चिप इमानानं बसलेली आहे. आतल्या पाहुण्या मशीननं ३एफ८ ला हात लावला की खरा प्रोसेसर त्याला तिथंच थांबवतो आणि ताबा बाहेरच्या यजमान मशीनकडं देतो. यजमान बघतो: काय मागतोय, कुठल्या खणातून, आत्ता तो खास बिट चढलेला आहे का? मग खऱ्या चिपनं जे उत्तर दिलं असतं ते देतो आणि पाहुण्याला पुन्हा चालू करतो. पाहुण्याला वाटतं, चिप आहे.

आता अण्णांच्या चार गाड्या.

जुन्या चिपमध्ये, किंवा नव्या १६५५० मध्येही साठवणीची सोय चालू केलेली नसेल तर, आलेलं अक्षर ठेवायला एकच जागा असते. ते कुणी उचललं नाही आणि पुढचं आलं, तर पुढचं त्याच्यावर येऊन बसतं. आधीचं गेलं. चिप फक्त एक खूण लावते की काहीतरी हुकलं. डॉसचा आपला प्रोग्रॅम एफ-टू दाबेपर्यंत पोर्टकडं ढुंकूनही बघत नव्हता. त्या मधल्या वेळात इंडिकेटरनं हजारो अक्षरं ओरडलेली असायची, ती सगळी वाऱ्यावर जायची, आणि दाबल्या क्षणी हाती लागायचं ते ताजं. प्रोग्रॅम सुरुवातीची खूण येईपर्यंत थांबायचा, वजन घ्यायचा, तेच वजन लागोपाठ तीनदा आलं की पावती. लिहिणाऱ्या पोरानं हे विचार करून केलं होतं की नुसतं जमून गेलं होतं, देव जाणे. पण तो प्रोग्रॅम उभा होता तो चिपच्या विसरभोळेपणावर.

नकली चिप विसरत नाही. तिच्या एकुलत्या खणात अक्षर पडून असेल तर यजमान पुढचं अक्षर आत ढकलतच नाही. थांब, आधीचं उचलू दे, म्हणतो. मग पुढची अक्षरं राहतात कुठं? यजमानाच्या लिनक्समध्ये सिरीयल पोर्टामागं एक टाकी असते, चार हजारांहून थोडी जास्त अक्षरं मावणारी. २४० च्या हिशोबानं ती सतरा सेकंदांत भरते. हळदीचा ट्रक काट्यावर त्याहून जास्त वेळ उभा होता. टाकी भरली, पुढचं सगळं बाहेरच सांडलं, आणि आत राहिलं ते फक्त पहिल्या ट्रकचं वजन, पुन्हा पुन्हा लिहिलेलं. एकदा एफ-टू दाबलं की चाळीसेक अक्षरं संपतात. म्हणजे शंभर गाड्यांना पुरेल एवढं १४,२३० त्या टाकीत मुरत पडलं होतं.

हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवायचे, त्यात जे वर ते आधी निघतं. ही टाकी पेवासारखी असती तर निदान ताजं तरी आधी हाती आलं असतं, अर्थात अक्षरं उलटी! ही टाकी रेशनच्या रांगेसारखी आहे. आधी आला तो आधी, मग तो कितीही शिळा असो.

याला क्यूईएमयूची चूक म्हणायची का? मला नाही वाटत. शंभरातल्या नव्याण्णवांना नकली पोर्टमधून एकही अक्षर हरवायला नको असतं. सर्व्हरचे लॉग वाचायचे असतात, आतल्या मशीनची लॉगिनची ओळ बघायची असते. तिथं हरवणं म्हणजे गुन्हा. पण नकली वस्तू बनवताना मूळ वस्तूचा कुठला गुण घ्यायचा आणि कुठला दोष सोडायचा हे जो ठरवतो, त्याला हे ठाऊक नसतं की कुठल्या तरी गावात कुणीतरी त्या दोषावरच दुकान थाटलेलं आहे.

उलट बाजूचाही एक किस्सा आहे, आणि तो बऱ्याच जणांनी स्वतःच्या पडद्यावर बघितला असेल. खरी चिप अक्षर बाहेर पाठवायला वेळ घेते. ९६०० ला एक अक्षर म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. नकली चिपला तार नाहीच, त्यामुळं अक्षर ठेवल्या क्षणी गेलेलं असतं आणि चिप पुन्हा हात पुढं करते, आण पुढचं. लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, एका इंटरप्टमध्ये, म्हणजे चिपनं दिलेल्या एका हाकेत, हे काम उरकत राहतो, उरकत राहतो, काम काही संपत नाही. शेवटी तो वैतागून लॉगमध्ये लिहितो की आयआरक्यू चारवर, म्हणजे या पोर्टच्या हाकेच्या तारेवर, फार काम आहे. पोर्ट बिघडलेला नसतो. तो खऱ्यापेक्षा चांगला चाललेला असतो, आणि ड्रायव्हरच्या हिशोबात एवढं चांगलं बसत नाही.

एवढा वेगवान असूनही हा पोर्ट मोठ्या कामाला महागच पडतो. एक अक्षर पाठवायला पाहुण्यानं आधी हालहवालीचा खण वाचायचा, जागा आहे का बघायची, मग अक्षर ठेवायचं. म्हणजे दोनदा थांबणं, दोनदा यजमानाकडं ताबा जाणं, दोनदा परत येणं, आणि प्रत्येक फेरीत प्रोसेसरची हजारो चक्रं खर्च. एक एमबीचा लॉग असा पाठवला तर वीस लाखांहून जास्त फेऱ्या. १६५५० ची सोळा अक्षरांची साठवण चालू केली तर जागा बघण्याचं काम सोळातून एकदाच होतं, पण अक्षर ठेवायची फेरी प्रत्येकाला आहेच.

इथं दुसरा विचार सुरू होतो. पाहुण्याला माहीतच असेल की आपण खऱ्या यंत्रावर नाही, तर हे सोंग कशासाठी? जी चिप अस्तित्वात नाही तिचे खण, तिचा भागाकार, तिचे बिट कशाला नाचवायचे? दोघांनी मिळून नवा करार करावा. लिनक्सचे एक प्रोग्रॅमर रस्टी रसेल यांनी २००८ च्या सुमारास व्हर्टिओ या नावानं असा करार मांडला. पुढं ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेकडून त्याचा १.० हा लेखी दंडक आला. त्यात डिस्क आहे, नेटवर्क आहे, आणि तीन नंबरवर आपला सिरीयल पोर्टचा वारस, व्हर्टिओ कन्सोल.

हा करार समजून घ्यायला भिलवडी-पलूसकडची दूधगाडी आठवावी. गवळी पेलाभर दूध घेऊन दरवेळी डेअरीत पळत नाही. तो कॅन भरून कट्ट्यावर ठेवतो आणि आपल्या वहीत लिहितो, अमुक कॅन भरला. गाडीवाला येतो, वही बघतो, कॅन नेतो, रिकामा करून परत ठेवतो आणि त्याच्या वहीत लिहितो, अमुक कॅन मोकळा. व्हर्टिओची रांग हीच. कट्टा म्हणजे पाहुणा आणि यजमान दोघांनाही दिसणारी मेमरी. एक वही पाहुणा लिहितो आणि यजमान वाचतो, दुसरी यजमान लिहितो आणि पाहुणा वाचतो. एकमेकांच्या वहीत कुणी खाडाखोड करत नाही, त्यामुळं कुलपाची गरज लागत नाही. कॅन ठेवल्यावर एकदा घंटा वाजवायची, तेवढीच काय ती यजमानाकडची फेरी. तीसुद्धा यजमानानं सांगून ठेवलं असेल की मी कट्ट्यावरच आहे, घंटा नको, तर टळते. चार हजार अक्षरं एका घंटेत जातात.

आणि दूध उलटं येताना? समजा डेअरीकडून गवळ्याला ताक यायचं आहे. तर गवळ्यानं आधीच रिकामे कॅन कट्ट्यावर मांडून ठेवायचे. डेअरी त्यातच भरणार. रिकामा कॅन नसेल तर थांबणार. जुन्या चिपला पलीकडच्याला थांबवायचं तर वेगळ्या तारा आणि वेगळ्या खुणा लागायच्या, त्या जोडलेल्या असतील तर. इथं थांबणं करारातच आहे.

वाटतं की झालं काम. पण अक्षरं इकडून तिकडं नेणं हा या कामातला सोपा भाग. खरी डोकेदुखी अक्षरांव्यतिरिक्तच्या गोष्टींची. पलीकडं कुणी ऐकतंय का? पोर्ट चारच्या चार असतील तर कुठला कशाचा? मशीन चालू असताना पोर्ट नवा लावला किंवा काढला तर? पडद्याचा आकार बदलला तर?

व्हर्टिओ कन्सोलमध्ये यासाठी वेगळी कारभाराची रांग आहे. डेटाच्या रांगेत या गोष्टी मिसळतच नाहीत. पाहुणा आधी सांगतो, मी तयार. यजमान सांगतो, हा पोर्ट वाढवला. पाहुणा, हा पोर्टही तयार. यजमान, याचं नाव अमुक. पलीकडं कुणी जोडलं गेलं किंवा सोडून गेलं की 'उघडला', 'बंद झाला' असा निरोप. जुन्या पोर्टवर हे ओळखायला डीटीआरसारख्या वेगळ्या तारा होत्या, आणि निम्म्या केबल बनवणाऱ्यांनी त्या तारा जोडलेल्याच नसायच्या. नावाचा फायदा तर फारच मोठा. कॉम-वन की कॉम-टू हे अंदाजानं शोधण्यापेक्षा आतला प्रोग्रॅम थेट नावानं पोर्ट मागतो.

रांगांचे नंबर बघितले की या कराराचं वयही दिसतं. शून्य नंबरच्या पोर्टला रांगा शून्य आणि एक. मग दोन आणि तीन या कारभाराच्या. मग एक नंबरच्या पोर्टला चार आणि पाच, तिथून पुढं सरळ. मध्येच कारभार का घुसला? कारण सुरुवातीला एकच पोर्ट होता. बरेच पोर्ट हवेत हे नंतर सुचलं, आणि तोवर जुने ड्रायव्हर शून्य आणि एकवर हक्क सांगून बसले होते. जुन्या वाड्याला मागून जिना काढतात तसं. अनेक पोर्ट सांभाळता येतात का हे दोन्ही बाजू सुरुवातीलाच एका बिटानं विचारून घेतात. नाही म्हटलं तर जुन्या रीतीनं एकच पोर्ट.

याचा रोजचा उपयोग म्हणजे गेस्ट एजंट. आतल्या मशीनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसतो. यजमान या पोर्टवरून त्याला सांगतो, बॅकअप घ्यायचाय, फाईल सिस्टीम क्षणभर गोठव. किंवा, बंद हो. किंवा, तुझा आयपी पत्ता काय? हेच नेटवर्कवरून का करू नये असं कुणीही विचारेल. पण नेटवर्क आतल्या मालकाच्या हातात असतं, तो फायरवॉल लावतो, पत्ते बदलतो, कधी केबलच काढतो. हा पोर्ट त्याच्या नेटवर्कच्या भानगडीत पडत नाही.

या एजंटच्या बोलण्यात एक बारीकशी गोष्ट आहे, आणि ती वाचली तेव्हा मला अण्णांचा काटाच दिसला. पोर्टवरून जातो तो अक्षरांचा सलग प्रवाह, निरोप कुठं संपला याची खूण पोर्ट ठेवत नाही. समजा यजमानानं प्रश्न विचारला आणि उत्तर यायच्या आत तो बंद पडला. पुन्हा जोडला गेल्यावर त्याच्या हाती आधीच्याच प्रश्नाचं शिळं उत्तर येऊ शकतं. म्हणून आधी एक हुकूम पाठवतात, हा मनात आलेला आकडा घे आणि मला परत दे. तो आकडा परत येईपर्यंत जे काही येईल ते सगळं फेकायचं. आकडा आला की समजायचं, इथून पुढचं ताजं. म्हणजे नव्या करारातही विसरण्याची सोय शेवटी कुणाला तरी हातानं करावी लागलीच.

मग जुनी १६५५० आता अडगळीत टाकायची का? तेही होत नाही. मशीन सुरू होताना कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, पहिली कुरकुर ऐकायची असते तेव्हा मेमरीच्या वह्या अजून मांडलेल्या नसतात. त्या वेळी 'या पत्त्यावर एक अक्षर ठेव' एवढंच जमतं. व्हर्टिओनंही नंतर आणीबाणीसाठी म्हणून एका अक्षराची तशी जागा ठेवली. आणि अण्णांच्या डॉसला व्हर्टिओ कोण शिकवणार?

जुन्या सोंगांची एक जोखीम मात्र आहे. २०१५ मध्ये क्यूईएमयूच्या नकली फ्लॉपी कंट्रोलरमध्ये अशी फट सापडली की आतला पाहुणा तिच्यातून यजमानावर चाल करून जाऊ शकेल. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण तिचा कोड घराघरांत चालू होता. नकली उपकरणाचा प्रत्येक खण म्हणजे पाहुण्याला दिलेली एक खिडकी. पाहुणा सभ्य असेलच असं धरून चालत नाही. व्हर्टिओतही हेच. गवळ्यानं वहीत लिहिलं की कॅन एक लाख लिटरचा आहे, तर गाडीवाल्यानं आधी कॅन बघायचा.

अण्णांचं काम शेवटी पन्नासेक ओळींच्या प्रोग्रॅमनं भागलं. तो यजमानावर बसून इंडिकेटरला सतत ऐकतो, एकही अक्षर तुंबू देत नाही. पाहुण्याला सॉकेटमधून, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या नळीतून, वजन द्यायच्या आधी बघतो की मागचं वजन पलीकडं उचललं गेलं का. उचललं नसेल तर हातातलं वजन सरळ फेकून देतो आणि पुढचं ऐकतो. त्यामुळं शिळं राहिलंच तर एकच वजन राहतं, आणि तीनदा सारखं आल्याशिवाय प्रोग्रॅम मानत नसल्यानं त्या एकाचं काही चालत नाही.

तपासायला दोन भरलेल्या गाड्या घेतल्या, मग एक रिकामी. पावत्या बरोबर निघाल्या. तरी अण्णांचं समाधान होईना. चप्पल काढून ते स्वतः प्लेटच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "दाब." मी गाडी नंबरच्या जागी अण्णा लिहिलं आणि एफ-टू दाबलं. पावतीवर ८० आलं. त्यांनी ती हातात घेऊन दोनदा वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, "काटा धा-धा किलोनं मोजतो रं. मी पंच्याऐंशी हाय."